बाभळीपलीकडची मूठ

करंजवाडीत रब्बीची पेरणी निघाली की पहिली मूठ पुंजारामाची, हे इतक्या वर्षांचं चालत आलेलं होतं की ते कुणी ठरवलं हेही लोक विसरून गेले होते. एका हाताने पेरायच्या पाभरीचं रुमणं, म्हणजे मागचा दांडा, दाबायचं, दुसऱ्या हाताने कमरेच्या ओटीतली ज्वारी मुठीत घ्यायची आणि चाललेल्या पाभरीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, ती अशी सोडायची की दाण्यामागून दाणा नळीत उतरला पाहिजे. जास्त सुटली तर दाट होते, अडली तर नांगं पडतं, मधे रान रिकामं राहतं. पुंजारामाच्या रानात पीक उगवून आलं की बांधावर माणसं उभी राहत आणि म्हणत, दोरी धरून लावलीय जणू. शेजारच्या तीन गावांतून त्याला बोलावणं येई. जाऊन तो दिवसभर पेरून देई. जेवणाशिवाय काही घेत नसे. पण माणसांचं ते बघणं मात्र तो पोटभर घेऊन घरी येई.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्याचा हात गेला. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं, तसा तोही जाई. जोडीदाराचा घण निसटला आणि दगडावर टेकलेल्या त्याच्या उजव्या हातावर आला. मुकादमाने फडकं जाळून जखमेत भरलं. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं बसलं. ती दोन बोटं मिटत नसत. भाकरीचा तुकडा मोडता येई, कासरा धरता येई, म्हणून गावात कुणाच्या ते फारसं ध्यानात आलं नाही. पुंजारामाने येऊही दिलं नाही. चारचौघांत तो हात बंडीच्या खिशात ठेवी.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. रानं ओली झाली, बैलंही कशीबशी जगली होती, पण बियाणं कुणाकडे नव्हतं. दुष्काळात सगळ्यांनी ते खाऊन टाकलं होतं. पोळा होऊन गेला आणि नव्या कृषी विद्यापीठाची जीप चावडीपुढे येऊन थांबली. तिथे शिकवणारे वाकचौरे सर उतरले, त्यांच्यामागून वह्या घेतलेली सहा पोरं उतरली. विद्यापीठ उघडून चार-पाच वर्षं झाली होती. निम्म्या इमारतींना अजून गिलावा नव्हता, पण वाकचौरे सर म्हणत, इमारती राहू द्या, पोरांनी आधी गावात जाऊन शेत बघितलं पाहिजे.

"बियाणं आम्ही देतो," सर म्हणाले. "एकरी चार किलो. त्याच्यावर एक दाणा मिळणार नाही. पेरायचं तुमच्या पाभरीनं, तुमच्या माणसानं. उगवलं की आमची पोरं येऊन रोपं मोजणार. असा माणूस सांगा, ज्याच्या हातात माप आहे."

सगळ्या माना पुंजारामाकडे वळल्या. त्याचा चुलतभाऊ सहादेव तर उठूनच उभा राहिला. "त्यात काय इचारायचं, सायेब? आमचा दादा हाय की. ह्याची मूठ म्हंजे तराजू."

पुंजारामाने खिशातला हात खिशातच आवळला. तीन बोटं मिटली, दोन उभी राहिली. "पेरतो की," तो म्हणाला.

त्याची बायको चांगुणा चावडीच्या भिंतीआड इतर बायांत उभी होती. घरी जाताना ती म्हणाली, "अवं, हाताचं सांगायचं हुतं."

"काय झालंय हाताला?" तो म्हणाला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

पेरणीच्या दिवशी सर सकाळीच आले. एका एकराची चार किलोची पिशवी तोलून दिली, पाभरीच्या दोन पाळ्या, म्हणजे दोन फेऱ्या, बघितल्या आणि पोरांना घेऊन ओढ्यापलीकडच्या रानाची माती दाखवायला निघून गेले. पुंजाराम पाभर हाकत होता. चांगुणा बरोबर चालत होती, नळीत ढेकूळ अडकलं तर काढायला आणि ओटी भरायला. रस्त्याच्या कडेने सुरुवात केली होती. चौथ्या पाळीला ती म्हणाली, "बी लई सुटतंय."

"तू नळीकडं बघ."

"नळीकडंच बघतीय. घोस पडत्यात."

त्याने रुमणं जोरात दाबलं. मुठीच्या खालच्या बाजूने, त्या उभ्या राहिलेल्या दोन बोटांच्या फटीतून ज्वारी गळत होती. ती दाबून धरायला गेला की अंगठा अडे आणि वीतभर काहीच सुटत नसे. मग एकदम भळकन पडे. बांधावरच्या बाभळीपाशी येईतो अर्धं रान झालं होतं आणि पिशवीत बी अर्ध्याहून पुष्कळ कमी राहिलं होतं. त्याचा हात मनगटापासून पेटला होता. बैलं थांबवून तो उभा राहिला आणि त्याने मूठ उघडली, तर ती पुन्हा मिटेना. कपाळाचा घाम डोळ्यात उतरत होता, तो पुसायलाही हात वळत नव्हता.

चांगुणेने इकडे तिकडे पाहिलं. रानात कुणी नव्हतं. तिने त्याच्या कमरेची ओटी सोडली, आपल्या कमरेला बांधली, पदर खोचला आणि पाभरीच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तुमी बैलं धरा," ती म्हणाली.

त्याने बैल हाकले. पहिल्या पाळीला तो मुद्दाम तिच्या हाताकडे बघत नव्हता. दुसऱ्या पाळीला बघितलं. तिची मूठ चाड्यावर जरा आडवी होती, मनगट हलत नव्हतं, आणि अंगठ्याखालून ज्वारीची बारीक सर उतरत होती. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती पुढे बाभळीच्या सावलीकडे बघत चालली होती, जशी पाण्याला जाताना चालते. पुंजारामाला वाटलं, चुकावी. एकदा तरी चुकावी.

शेवटच्या दोन पाळ्या राहिल्या तेव्हा ओढ्याकडून पोरांचा आवाज आला. पुंजारामाने ओटी परत घेतली. "जा मागं," तो म्हणाला. सर बांधावर पोचले तेव्हा पाभर त्याच्या हातात होती आणि ओटी जवळजवळ रिकामी होती.

"संपलं बरोबर!" सर पोरांना म्हणाले. "बघितलंत? चार किलो म्हणजे चार किलो."

दहा-बारा दिवसांनी पोरं मोजायला आली. काकरीला, म्हणजे पेरलेल्या ओळीला, लागून सुतळी धरायची, दहा फूट मोजायचे, तेवढ्यातली रोपं मोजून वहीत लिहायची. रस्त्याकडून मोजणी सुरू झाली. अठ्ठावन्न. पुढच्या काकरीत नऊ. मग एकोणपन्नास. मग सात. पोरं एकमेकांकडे बघू लागली. बांधावर गावची माणसं बसली होती. सहादेव तोंडातली काडी चावायचा थांबला.

मग मोजणी बाभळीच्या पलीकडे गेली.

"बावीस," एक पोरगा ओरडला. "तेवीस. बावीस. सर, परत बावीस!"

सर स्वतः खाली बसले. काकरीवर गाल टेकवल्यासारखं करून त्यांनी लांबवर पाहिलं. उठले ते हसतच उठले. अगदी कडेच्या दोन पाळ्या विरळ निघाल्या, तर म्हणाले, तिथे बी सरलं असणार. "पुंजाराम, सुरुवातीला बियाणं अंगवळणी पडेना काय? पण एकदा हात बसल्यावर काय पेरलंय हो! आमच्याकडं यंत्र आलंय, त्याला हे साधत नाही."

पुंजाराम गप्प होता. हे गप्प राहणं अजून खोटं नाही, असं त्याला वाटत होतं.

"पुढच्या सोमवारी विद्यापीठात यायचं. पहिल्या वर्षाला साठ पोरं आहेत. निम्म्यांनी पाभरीला हात लावलेला नाही. त्यांना शिकवायचं. जीप पाठवतो. वहिनींनाही आणा, कडेनं करडईच्या काकऱ्या टाकायच्यात."

"येतो की," पुंजाराम म्हणाला, आणि आता मात्र ते खोटं झालं.

चांगुणा डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावर उभी होती. तिने भारा नीट केला आणि घराकडे निघाली. तिच्या चालण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

गावाने त्याला परफेसर म्हणायला सुरुवात केली. म्हाताऱ्या रंगुबाईने दारातून हाक मारून विचारलं, "खुर्चीवर बसवत्यात का रं तुला?" पुंजाराम हसे, आणि घरी आला की चांगुणेच्या हाताकडे बघत बसे. ती पीठ मळी, भाकरी थापी, शेण गोळा करी, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवी. अठरा वर्षं हा हात त्याच्या घरात होता आणि त्याने तो कधी पाहिला नव्हता. आता तो दुसरं काही बघेना. परातीत पीठ टाकताना ती मूठ उलटी करी आणि पीठ सारखं पसरे, तेवढ्यानेही त्याच्या अंगाची आग होई.

शनिवारी दुपारी त्याने घोंगडी अंथरली, ओंजळभर ज्वारी घेतली आणि मूठ धरून बघितली. दाणे बोटांच्या फटीतून पडले. चांगुणा जात्यापाशी होती. ती उठून आली आणि त्याच्यासमोर बसली.

"करंगळीनं धरायला जाऊ नका," ती म्हणाली. "ती आता ऐकनार न्हाई. बी तळहातावर थोडंच घ्या. अन् अंगठ्यानं असं…" तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

त्याने तो हिसकला. ज्वारी घरभर उडाली. "मला शिकवती? कोनी शिकवलं तुला? तुझ्या बापानं?"

चांगुणा दाणे वेचू लागली. "माझ्या बापाला कुठं रान हुतं? तुमच्या मागंच शिकले. अठरा वर्सं करडई पेरायची मोघन धरून तुमच्या पाभरीमागं चालले. म्होरं तुमचाच हात दिसायचा."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पुंजारामाला वाटलं, आपल्या घरात चोरी झाली. आपल्या हातातलं गेलं ते हिच्या हातात गेलं. घण पडला तो आपल्यावर, आणि ही धडधाकट हाताने भाकरी थापतेय.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "रानाला कुंपन न्हाई. शेरडं शिरतील. आज बोराट्या तोडून आन."

चांगुणेने त्याच्याकडे पाहिलं. "आज? उद्या जायचंय न्हवं?"

"उद्याचं उद्या. आज काटं आन."

तिला कळलं की नाही, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. तिने कोयता घेतला आणि गेली. तो घरीच राहिला. बैलांच्या शिंगांना तेल लावलं, बंडी धुवून वाळत घातली, मुंडासं दोनदा बांधून सोडलं. उन्हं कलल्यावर ती आली, बोराट्यांचा बिंडा दोरीने ओढत. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक काटा आत मोडला होता आणि भोवतीचं मांस आत्ताच फुगायला लागलं होतं.

पुंजारामाने ते बघितलं आणि त्याला आधी बरं वाटलं. क्षणभरच. लगेच त्याला आपल्याच अंगातून नासका वास आल्यासारखं झालं. तो सुई घेऊन आला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोल हाय. पिकंल तवा निघंल." तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि चुलीपुढे बसली. त्या रात्री भाकरी तिने डाव्या हाताने थापल्या. त्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. त्याने एकच खाल्ली.

सोमवारी जीप आली. पुढे सरांशेजारी पुंजाराम बसला, मागे पोत्यांवर चांगुणा. विद्यापीठात त्याला खरोखरच खुर्चीवर बसवलं. फळ्यावर खडूने त्याचं नाव लिहिलं होतं. ते वाचता येत नव्हतं तरी नाव आपलंच असणार हे त्याला कळलं. साठ पोरं समोर बसली होती. चांगुणेला कुणी खुर्ची दिली नव्हती. दाराशी भिंतीला टेकून ती खाली बसली, उजवा हात पदराखाली घेऊन.

चष्मा लावलेला एक पोरगा उभा राहिला. "मुठीत किती दाणे घ्यायचे, हे कसं ठरवता?"

पुंजारामाने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत त्याने हे कधी ठरवलंच नव्हतं, हात ठरवत होता. आणि आता त्या हातालाच काही येत नव्हतं. "अंदाज असतो," तो म्हणाला. पोराने वहीत लिहिलं: अंदाज. पुंजारामाला उगीच वाटलं की पोरगा हसला.

मग सगळे शेतावर गेले. काळं, सपाट रान होतं. बैल दांडगे, त्यांनी दुष्काळ बघितलेला नव्हता. पोरं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. पुंजारामाने ओटी बांधली, रुमणं धरलं, मूठ भरली आणि बैल हाकले. वीस पावलं गेला असेल नसेल, चाड्यात ज्वारीचा ढीग झाला आणि नळी तुंबली. चांगुणेने डाव्या हाताने काडी घालून ती मोकळी केली. पुन्हा दहा पावलं, पुन्हा तुंबली. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"चाडं नवं हाय. माझ्या हाताचं न्हाई."

सरांनी मान हलवली. तिसऱ्यांदा तुंबली तेव्हा पुंजाराम म्हणाला, "बैलं लई वढत्यात." चौथ्यांदा त्याने मागे वळून चांगुणेकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "ही नळीत काड्या घालती, तेनं हलतंय सगळं. बाईमानूस मधी असलं की असंच हुतं!"

चांगुणा काडी हातात धरून तशीच उभी राहिली.

वाकचौरे सर जवळ आले. त्यांनी पुंजारामाची उघडी मूठ पाहिली. उभी राहिलेली दोन बोटं पाहिली. मग काकरीत सांडलेले घोस पाहिले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. करंजवाडीचं रान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. ते चांगुणेकडे वळले.

"बाई, खरं सांगा. बाभळीपलीकडं कुणाची मूठ होती?"

चांगुणेने पुंजारामाकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "त्यांचीच. आज हात दुखतोय त्यांचा."

साठ पोरांनी ते ऐकलं आणि माना डोलावल्या. प्रकरण तिथे मिटलं असतं. जीपने घरी जाता आलं असतं, आणि गावात तो परफेसरच राहिला असता. पण पुंजारामाच्या अंगाचा भडका झाला. मूठ हिची, काकऱ्या हिच्या, आणि आता अब्रूही हिने द्यायची आणि आपण ती पदर पसरून घ्यायची! तिच्याकडून आणखी काही घेणं त्याला सोसणार नव्हतं.

"न्हाई," तो ओरडला. बैल दचकले. "खोटं बोलती ती. बाभळीपलीकडचं समदं हिचं हाय, कडंच्या दोन पाळ्या सोडून. रस्त्याकडचं वाटुळं तेवढं माझं."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "मग बाई, तुम्हीच धरा," ते हळू आवाजात म्हणाले.

चांगुणेने पदराखालचा हात काढला. चिंधी पिवळी झाली होती, अंगठा दुप्पट झाला होता.

"अहो, हे काय? काटा गेलाय की. काटे तोडायला कशाला गेलात?"

सर तिच्याकडे बघत थांबले. पुंजारामाने रुमण्यावरचा हात आवळला.

"म्या धाडली काल," तो म्हणाला.

"काल?"

"काल. मुद्दाम."

आता चांगुणेने त्याच्याकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. त्यात माफी नव्हती, नवलही नव्हतं. तिला ते काल सकाळीच कळलं होतं, एवढंच त्याला त्या बघण्यातून समजलं, आणि त्याने मान खाली घातली.

तिने मूठ भरून पाहिली. अंगठा टेकताच तिचा जीव कळवळला आणि दाणे सांडले. मग तिने चष्मेवाल्या पोराला बोलावलं. "ये लेकरा. ओटी बांध." तिने त्याचा हात चाड्यावर धरला आणि आपला डावा हात वरून ठेवला. "मनगाट हलवू नगं. खालची बोटं घट्ट. अंगठा नुसता टेकव, दाबू नगं. मुठीकडं बघायचं न्हाई, म्होरं बघायचं." आणि पुंजारामाला म्हणाली, "बैलं हाका. सावकास."

पुंजाराम बैल हाकू लागला. मागून तिचा आवाज येत होता. ती सांगत होती ते सगळं त्याला ठाऊक होतं. त्याच्या हाताला ठाऊक होतं, पण ते शब्दांत सांगता येतं हे त्याला माहीत नव्हतं. पहिली काकरी वाईट झाली, दुसरी बरी. तिसऱ्या पोराच्या वेळी नळी तुंबायची थांबली. बैल जोर करत, तो त्यांना कासऱ्याने आवरत होता, कारण पाऊल एकसारखं पडलं नाही तर कुठलीच मूठ साधत नाही. दुपार झाली तेव्हा त्याचे खांदे भरून आले होते. पोरं चांगुणेभोवती गोळा होऊन विचारत होती, बाई असं का, बाई तसं का, आणि ती सांगत होती. पुंजाराम बैलांना पाणी पाजत लांब उभा होता. कुणी त्याला काही विचारलं नाही.

निघताना सरांनी तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेऊन काटा काढवला. दोघं जीपमध्ये मागे पोत्यांवर बसून आली, एकमेकांच्या समोर.

फाट्यावर सहादेव चहाच्या टपरीपुढे बसला होता. जीप थांबलेली बघून तो आणि आणखी चौघं उठून आले. "काय परफेसर! शिकवलं का पोरास्नी?"

पुंजाराम खाली उतरला. विद्यापीठ लांब होतं. इथे कुणालाच काही कळणार नव्हतं, आणि चांगुणा सांगणारी नव्हती. त्याने बंडीच्या खिशातून हात बाहेर काढला.

"म्या बैलं धरली," तो म्हणाला. "शिकवलं हिनं."

चौघं हसले. सहादेवही हसला, पण पुंजारामाचं तोंड बघून थांबला. मग चांगुणेच्या हाताची पांढरी पट्टी बघून त्याने विचारलं, "व्हय का, वयनी?"

चांगुणा डोक्यावरचा पदर सारखा करत होती. "व्हय," ती म्हणाली. "बैलं बी लई नीट धरली त्यांनी. दांडगी हुती बैलं."

ते ऐकून पुंजारामाला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच त्याला वाटभर राग येत राहिला.